उधारीची वही आणि तारण

वाचक भगिनीचे पत्र, संक्षेपाने:

"माझे माहेर नगरचे, आमचे घराणे तीन पिढ्यांचे प्रोटेस्टंट. अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन मी गोव्यातल्या साष्टीत एका कॅथलिक घरात आले. माझे सासरे पोदेर होते. मध्यरात्रीनंतर भट्टी पेटवायची आणि उजाडायच्या आत सायकलवरून घरोघर पाव पोचवायचे, हे त्यांनी चाळीस वर्षे केले. धंद्यामुळे म्हणा, स्वभावामुळे म्हणा, इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, ते फेस्ताच्या सणाला आणि नाताळला तेवढे दिसायचे. गेल्या वर्षी ते झोपेतच गेले. पाद्रीला बोलावण्याइतकाही वेळ मिळाला नाही. मागे त्यांची उधारीची वही सापडली. तीत कितीतरी नावांपुढे रक्कम लिहून नंतर त्यावर रेघ ओढलेली आहे. ही माणसे पैसे देऊ शकली नव्हती आणि सासऱ्यांनी ते मागितलेही नव्हते, हे आता एकेकाकडून कळते आहे. पुढच्या महिन्यात त्यांचे वर्ष भरते. सासूबाईंना त्यांच्यासाठी मिस्सा (इगर्जीतला प्रार्थनाविधी) सांगायच्या आहेत आणि गोरगरिबांना जेवण घालायचे आहे. 'तेवढीच त्यांच्या पुण्यात भर,' असे त्या म्हणतात. वहीत ज्यांच्या नावावर रेघ नाही त्यांच्याकडून उधारी वसूल करून हा खर्च भागवावा, असा त्यांचा विचार आहे. माझा भाऊ पुण्याला एका स्वतंत्र मंडळीत जातो. त्याचे म्हणणे असे, की विश्वास नसेल तर सत्कर्मे मळक्या चिंध्यांसारखी असतात, सासऱ्यांचे तारण झाले असे मानणे ही फसवणूक आहे आणि मी त्या मिस्सेला बसले तर माझा विश्वास नाकारल्यासारखे होईल. हे सगळे फोनवर चालले असताना माझ्या आठ वर्षांच्या मुलाने ऐकले, आणि आता तो रोज विचारतो, 'शापाय (आजोबा) स्वर्गात आहे ना?' तारण विश्वासाने होते की कर्मांनी? मिस्सेला जाऊ का? आणि मुलाला काय सांगू?"

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम. नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत अजून सलामच म्हणतात हे ठाऊक असल्यामुळे तोच शब्द वापरला. आधी माझ्याविषयी दोन गोष्टी सांगून टाकते. मी कोणी धर्मपंडित नाही. शाळेत मराठी शिकवण्यात आणि रविवारी इगर्जीत मुलांना धर्मशिक्षण देण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि तेवढ्याच भांडवलावर हे लिहीत आहे. शिवाय मी कॅथलिक आहे, तेव्हा माझा तराजू कुठे कलता दिसला तर तो तुम्ही हाताने सरळ करून घ्यावा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबवण्यात अर्थ नाही. तारण कर्मांनी होत नाही. हे तुमच्या भावाच्या मंडळीचे खास मत आहे अशी त्याची समजूत असेल, तर ती चुकीची आहे. कॅथलिक चर्चही हेच शिकवते, आणि सासूबाईंना हे ऐकून कदाचित धक्का बसेल. तारण हे देवाचे दान आहे आणि ते विश्वासाने स्वीकारायचे असते. ज्याने ते खरोखर स्वीकारले, त्याच्या जगण्यात ते उमटल्यावाचून राहत नाही, हेही दोन्हीकडे मान्य आहे. या उमटण्याला किती मोल द्यायचे आणि त्याला काय नाव द्यायचे, यावर मात्र पाचशे वर्षे वाद चालत आला आहे. तुमच्या घरातला तंटा मला या वादाहून थोडा निराळा वाटतो. भाऊ आणि सासूबाई दोघेही तुमच्या सासऱ्यांचा हिशेब मांडायला बसले आहेत. भावाच्या वहीत जमेच्या बाजूला शून्य आहे, आणि सासूबाईंना त्या बाजूला अजून भर घालायची आहे. वही एकच आहे.

अशी वही मनात तयार होण्यात आपल्या भाषेचाही थोडा हात आहे. मराठी ख्रिस्ती माणूस 'तारण' म्हणतो तेव्हा बुडत्याला पाण्याबाहेर काढणे त्याच्या मनात असते. पण बँकेत 'सोनेतारण कर्ज' अशी पाटी असते, आणि तिथे मोलाची वस्तू ठेवल्याशिवाय काही हाती पडत नाही. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आपल्या डोक्यात एकमेकांना लागून राहतात. 'कर्म' या शब्दाचे दुखणे याहून जुने आहे. बायबलच्या नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांच्या मराठी भाषांतरात 'कर्मे' असे येते आणि याकोबाच्या पत्रात 'क्रिया' असे येते, पण मूळ ग्रीकमध्ये दोघांनी शब्द एकच वापरला आहे. 'कर्मे' वाचले की आपल्याला संचित आठवते, प्रारब्ध आठवते, पापपुण्याचा जन्मोजन्मीचा जमाखर्च आठवतो. पौलाच्या डोळ्यांपुढे यातले काहीही नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि पुढे त्याने ओवीत ख्रिस्तपुराण रचले, जे १६१६ साली रायतूरला छापले गेले. त्यात स्वर्गासाठी त्याला 'वैकुंठ' हाच शब्द घ्यावा लागला. नवी गोष्ट जुन्या शब्दांत सांगायची म्हटली की त्या शब्दांत आधीपासून राहणारे अर्थ घर सोडून जात नाहीत. सासूबाईंच्या 'पुण्यात भर' या बोलण्याकडे मी म्हणूनच फार कठोरपणे पाहत नाही.

पौलाने रोमकरांस लिहिले, की नियमशास्त्रातील कर्मांवाचून मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो. यातला 'नियमशास्त्रातील' हा शब्द गाळून वाचण्याची सवय फार जणांना असते. तिथला तंटा असा होता, की यहुदी नसलेल्या माणसाला ख्रिस्ताकडे येण्याआधी सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, सणवार हे सगळे मोशेचे नियम पाळावे लागतील का. पौल म्हणाला, नाही. आणि एवढ्यावर न थांबता तो पुढे गेला, की कोणत्याही प्रकारची कर्तबगारी देवापुढे ठेवून कोणी आपला हक्क सांगू शकत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातल्या दुसऱ्या अध्यायाची आठवी आणि नववी वचने तुमच्या भावाला निश्चित पाठ असतील: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचे दान, कोणी बढाई मारू नये म्हणून कर्मांनी नव्हे. त्याला एकदा दहावे वचनही म्हणून दाखवायला सांगा. आपण सत्कृत्यांसाठी ख्रिस्त येशूच्या ठायी निर्माण झालो आहोत आणि ती कृत्ये देवाने आपल्यासाठी आधीच योजून ठेवली आहेत, असे त्यात लिहिले आहे. नवव्या वचनाशी पुस्तक मिटण्याची ही रीत मी अनेकांत पाहिली आहे, आणि आमच्याकडे उलट थेट दहाव्यापासून वाचायला सुरुवात करणारेही भरपूर आहेत.

आता याकोब. नव्या करारात 'केवळ विश्वासाने' हे शब्द एकत्र असे एकाच ठिकाणी आढळतात, आणि ते याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात 'केवळ विश्वासाने नव्हे' अशा नकारासकट येतात. त्याचे उदाहरण तुमच्या घराला इतके लागू आहे की ते वाचताना मला भट्टीचा वास आला. एखाद्या भावाला किंवा बहिणीला अंगावर वस्त्र नाही, रोजचे अन्न नाही, आणि तुम्ही म्हणता, 'सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा,' पण हातावर काहीच ठेवत नाही. तर त्या बोलण्याचा काय उपयोग? ज्या विश्वासाबरोबर क्रिया नाही तो निर्जीव आहे, असे तो म्हणतो, आणि जरा झोंबणारी पुस्तीही जोडतो: देव एक आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. साष्टीतल्या कोंकणीत विश्वासाला 'भावार्थ' म्हणतात, हा शब्द मला मराठी शिक्षक म्हणून फार आवडतो, कारण मराठीत भावार्थ म्हणजे बोलण्यातला खरा आशय. याकोब हेच विचारतो आहे, की तुमच्या बोलण्यात आशय आहे का.

या दोघांत विरोध आहे असे वरवर वाटते, कारण दोघांनीही दाखला अब्राहामाचाच दिला आहे. पण पौल उत्पत्तीचा पंधरावा अध्याय घेतो. म्हातारा निपुत्रिक अब्राहाम रात्री ताऱ्यांकडे पाहतो, देवाच्या शब्दावर विश्वास ठेवतो, आणि तेवढ्याने तो नीतिमान गणला जातो. अजून त्याची सुंताही झालेली नाही. याकोब बाविसावा अध्याय घेतो, जिथे तोच अब्राहाम देवाच्या आज्ञेवरून आपला मुलगा इसहाक याला अर्पण करायला घेऊन डोंगर चढतो. दोन्ही प्रसंगांच्या मधे कित्येक वर्षे गेलेली आहेत. पौल दाराशी उभा राहून बोलतो, की आत कसे यायचे. याकोब बऱ्याच वर्षांनी त्याच घरात डोकावतो आणि आत आलेला माणूस तिथे खरोखर राहतो आहे का ते पाहतो.

आपल्या गोव्यातल्या भाटकार आणि मुंडकार यांच्या नात्यावरून मला हे सर्वांत चांगले कळले. भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा मुंडकार त्याच्या माडांची राखण करायचा, पडलेले नारळ गोळा करून पोचवायचा, भाटकाराच्या घरी कार्य निघाले की बोलावल्याबरोबर हजर व्हायचा, आणि हे सगळे करताना त्याच्या मनात एक धास्ती कायम असायची, की कुठे चूक झाली तर डोक्यावरचे छप्पर जाईल. १९७५ साली मुंडकारांना घराबाहेर काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला, तो या धास्तीमुळेच करावा लागला. आता त्याच माडाखाली भाटकाराचा मुलगाही नारळ वेचतो असे समजा. काम तेच, घामही तितकाच. पण मुलगा ते घर आपले आहे म्हणून करतो. नारळ मोजून दिले तर आज रात्री घरात झोपायला मिळेल, असा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. पौल म्हणतो, की तुम्हाला पुन्हा भीती वाटावी असा दासपणाचा आत्मा मिळालेला नाही, दत्तकपणाचा मिळाला आहे. आणि मुलाने दिवसभर सावलीत लोळून काढायचे ठरवले तर त्याचे पुत्रत्व कागदावर राहील, पण त्या घराशी त्याचे काही नाते उरले आहे असे गावात कोणी म्हणणार नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आठवा. तो बापाला सांगतो, की इतकी वर्षे मी तुमची चाकरी करीत आहे. घरचाच मुलगा, पण मनाने मुंडकार! माझ्या आयुष्यातली बरीच वर्षे मी या थोरल्या भावासारखी जपमाळेचे मणी मोजले आहेत, म्हणून त्याच्याविषयी मला जरा जास्त बोलावेसे वाटते. पण ते राहू द्या.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण तुमच्या घरातली दोन माणसे तो नकळत जगत आहेत. रोममधल्या संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी जर्मनीत दंडमाफीची पत्रे पैसे घेऊन दिली जाऊ लागली, तेव्हा १५१७ साली मार्टिन लूथर त्याविरुद्ध उभा राहिला. मृतांच्या आत्म्यांसाठीही ती पत्रे घेतली जात होती. उधारी वसूल करून मिस्सा सांगण्याचा सासूबाईंचा बेत वाचला तेव्हा मला हे आठवल्यावाचून राहिले नाही, आणि त्याबद्दल त्यांनी मला क्षमा करावी. पुढे १५२२ सालच्या आपल्या जर्मन भाषांतरात लूथरने पौलाच्या 'विश्वासाने नीतिमान ठरतो' या वचनात 'केवळ' हा शब्द घातला, जो मुळात नाही; जर्मन भाषेच्या वळणाला तो लागतो, असे त्याने नंतर समर्थन केले. याकोबाच्या पत्राला त्याने त्याच वर्षी गवताचे पत्र म्हटले. पण पुन्हा त्याच वर्षी, रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत, विश्वास ही जिवंत, सदा कामात गुंतलेली गोष्ट आहे आणि सत्कृत्ये करू का असे ती विचारत बसत नाही, विचारायच्या आत ती करून मोकळी झालेली असते, अशा आशयाचे लिहिणाराही लूथरच होता. कॅथलिक बाजूने ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी नीतिमान ठरण्याविषयीचा आपला निर्णय दिला. त्यातल्या नियमांपैकी पहिलाच नियम असा आहे, की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे जो म्हणेल तो बहिष्कृत असो. हा नियम सासूबाईंना वाचून दाखवण्यासारखा आहे. मात्र कृपा मिळालेल्या माणसाच्या सत्कृत्यांना ट्रेंटने मोल दिले, आणि नेमके तिथे दोन वाटा झाल्या.

फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला, आणि ट्रेंटची परिषद १५४५ साली सुरू झाली. म्हणजे साष्टीतला ख्रिस्ती धर्म रुजला तो या वादाच्या धगीतच, आणि मिरवणुका, नोवेना, दानधर्म करणारे बंधुसंघ यांचा आग्रह तो जन्मतःच घेऊन आला. नगरला १८३१ साली जे अमेरिकन मिशनरी आले, ते दुसऱ्या वाटेचे वारसदार. तुमच्या लग्नात या दोन वाटा एका स्वयंपाकघरात येऊन मिळाल्या. जगात त्या मिळायला बराच वेळ लागला: ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने, आणि आपल्या कोणत्याही गुणवत्तेमुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देतो, जो आपली हृदये नवी करून आपल्याला सत्कृत्यांसाठी समर्थ करतो, असा तिचा गाभा आहे. २००६ साली मेथडिस्ट आणि २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्याही तीत सामील झाल्या. भावाच्या मंडळीसारख्या स्वतंत्र मंडळ्या या करारात नाहीत, आणि सगळे मतभेद मिटले असेही कोणी म्हणत नाही. पण मूळ प्रश्नावर एवढे एकमत झालेले असताना तुम्ही दोघांच्या मधे उभे राहून चिरडून घेण्याचे कारण नाही.

भावाच्या मळक्या चिंध्यांबद्दल थोडे. हे वचन यशयाच्या चौसष्टाव्या अध्यायातले आहे, आणि ती एक प्रार्थना आहे. आम्ही सर्व अशुद्ध झालो आहोत, आमची सगळी धर्मकृत्ये मळक्या वस्त्रासारखी झाली आहेत, असे संदेष्टा देवापुढे कबूल करतो आहे. त्यात 'आम्ही' आहे. स्वतःला त्या शब्दातून वगळून, मेलेल्या एका पोदेराच्या पावांना ते वचन लावायचे, हे शास्त्रवचनाचे पाठांतर झाले, वाचन झाले नाही. भाऊ मुळात चुकीचे बोलत नाही हे मी पुन्हा सांगते. आपली सत्कृत्ये देवाला विकता येत नाहीत हे खरेच आहे. पण ते स्वतःविषयी बोलायचे वाक्य आहे. दुसऱ्याविषयी बोलायला घेतले की माणूस येशूच्या दाखल्यातला परूशी, म्हणजे आपल्या धार्मिकतेचा तोरा मिरवणारा, होतो, आणि दूर उभा राहून ऊर बडवणाऱ्या जकातदाराची गोष्ट पाठ असूनही त्याच्या ध्यानात येत नाही.

दानच आहे तर मग चांगले वागायचे कशाला, अशी शंका सासूबाई काढतील. आमच्याकडे ती हमखास निघते, आणि पौलालाही ती कोणीतरी विचारली होतीच, म्हणून रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय तिनेच सुरू होतो. याला युक्तिवादापेक्षा पंडिता रमाबाईंचे उदाहरण जास्त उपयोगी पडेल. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, विधवांसाठी हाडाची काडे केली. आणि तरीही त्यांनी नंतर आपल्या साक्षीत लिहिले, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. तो सापडला १८९१च्या सुमारास, तारण हे फुकट दान आहे हे उमगले तेव्हा. यानंतर बाई स्वस्थ बसल्या का? १८९६-९७च्या दुष्काळात शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. फुकट मिळाले म्हणून हात आखडल्याचे तिथे तरी दिसत नाही.

आता मिस्सांचे. सासूबाईंना प्रेमाने एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, आणि ती तुमच्यापेक्षा गावच्या विगार पाद्रीने सांगितली तर बरे. मृतांसाठी मिस्सा अर्पण करण्यामागे जी कॅथलिक शिकवण आहे, तीनुसार पुर्गातोरातले, म्हणजे मरणानंतरच्या शुद्धिस्थानातले, आत्मे आधीच तरलेले असतात. तिथे त्यांची शुद्धी होते, निवाडा बदलत नाही. तेव्हा न तरलेल्याला तारण्यासाठी मिस्सा सांगता येत नाही आणि कोणाच्या खात्यात पुण्यही जमा होत नाही. ती एका कुटुंबाने आपल्या माणसासाठी केलेली विनवणी आहे. संत ऑगस्टीनने म्हटल्याप्रमाणे देव जेव्हा आपल्या गुणांना मुकुट घालतो, तेव्हा तो स्वतःच्याच दानांना मुकुट घालत असतो. पैशांचे म्हणाल, तर चर्चच्या १९८३च्या कायद्यात मिस्सेच्या दक्षिणेबाबत व्यापाराचा नुसता भासही होऊ नये असे बजावले आहे, आणि दक्षिणा न देऊ शकणाऱ्या गरिबांसाठीही धर्मगुरूंनी मिस्सा अर्पण करावी अशी कळकळीची शिफारस आहे. मृतांसाठी प्रार्थना करण्याला आधार असलेले मक्काबींचे दुसरे पुस्तक तुमच्या माहेरच्या बायबलमध्ये नाही, म्हणून तुमच्या लोकांना हे सगळे पटत नाही. ते तुम्हाला पटते असे सोंग करण्याची गरज नाही.

पण जा. मिस्सेला जाणे म्हणजे विश्वास नाकारणे, हे मला कोणत्याही अंगाने पटत नाही. तुमच्या नवऱ्याच्या बापाची आठवण देवापुढे काढली जाणार आहे, तिथे शुभवर्तमान वाचले जाईल, 'आमच्या बापा' म्हटली जाईल, जी तुम्ही नगरला लहानपणी शिकलात तीच. कोमुन्यांवच्या, म्हणजे पवित्र भाकर देण्याच्या, वेळी जागेवर बसून राहा. आमच्या नियमांप्रमाणे ते सामान्यतः कॅथलिकांनाच दिले जाते, आणि बसून राहिल्याने तुमच्या मनालाही काही बोचणार नाही. यात कोणाचा अपमान नाही. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी बाकावरून कोपर बसणार नाही.

सासऱ्यांचे काय झाले, याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि पुण्याच्या फोनवरही नाही. चर्चने असंख्य माणसांना संत म्हणून घोषित केले, पण अमुक एक माणूस नरकात गेला असे नाव घेऊन कधी घोषित केलेले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. विश्वास इगर्जीच्या बाकावरच मोजता येतो असे मानले, तर येशूच्या शेजारी क्रुसावर मरताना स्वर्गाचे वचन मिळालेल्या चोराचे कठीण होते. त्याला ना बाक मिळाला, ना सत्कृत्यांना वेळ. मला मात्र मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली एक बारीक गोष्ट तुमच्या वहीमुळे नव्याने दिसली. मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले, असे राजा म्हणतो, तेव्हा ती माणसे गोंधळून विचारतात, 'प्रभो, आम्ही तुला भुकेला कधी पाहिले?' त्यांनी हिशेब ठेवलेलाच नाही. दिलेली भाकर त्यांना आठवत नाही, कारण ती तारण म्हणून ठेवलेली नव्हती. तुमच्या सासऱ्यांनी रक्कम लिहिली आणि मग रेघ ओढली, आणि बायकोलाही सांगितले नाही. त्या रेघेमागे भावार्थ होता का, हे ज्याला वाचता येते त्याने ते वाचले असेल.

उरली ती वही. रेघ न मारलेल्या नावांकडून पैसे मागणे हे काही पाप नव्हे. धंद्याची उधारी आहे, सासूबाईंना चरितार्थासाठी गरज असेल तर ज्यांची ऐपत आहे त्यांनी ती फेडली पाहिजे. पण ते पैसे मिस्सांसाठी म्हणून मागू नयेत. ज्या दिवशी इगर्जीत 'आम्ही जशी आमच्या ऋण्यांस ऋणे सोडली आहेत' असे सगळे मिळून म्हणणार, त्याच आठवड्यात त्याच ऋण्यांच्या दाराशी वसुलीला उभे राहायचे, हे सासूबाईंनाच कसेसे वाटेल. त्यांना हे वाक्य आठवून द्या आणि निर्णय त्यांच्यावर सोडा, कारण वही त्यांच्या नवऱ्याची आहे. मिस्सा एकच सांगा. जेवण घाला, जमेल तेवढ्या पानांचे, आणि ते कोणाच्या पुण्यासाठी आहे हे कोणी विचारलेच तर भुकेल्यांसाठी आहे म्हणून सांगा. भावालाही आमंत्रण द्या. तो मिस्सेला येणार नाही, पण वाढायला कदाचित येईल.

मुलाला 'हो, नक्की' असे सांगू नका, आणि 'कोणास ठाऊक' असेही सांगू नका. आठ वर्षांचे मूल पहिल्यातली घाई ओळखते आणि दुसऱ्याने त्याची झोप उडते. आपण शापायला देवाच्या हाती दिले आहे, आणि देव त्याला आपल्यापेक्षा जास्त ओळखतो, असे सांगा. मग वही काढून त्याच्यापुढे ठेवा. गाव लहान आहे, म्हणून नावे वाचू देऊ नका. रेघा तेवढ्या दाखवा.